मधल्या ओळीच्या काकू

आपला आवाज कुणाला ऐकू येऊ नये म्हणून आयुष्यभर रियाज केलेली अख्ख्या भारतात एकच बाई असेल, आणि ती बागबाजारात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायची. काकांची बँकेतून कलकत्त्याला बदली झाली तेव्हा काकू नुसत्या सोबत आल्या होत्या. पण इथे दोघी बंगाली बहिणी आणि हावड्याची एक अँग्लो-इंडियन आंटी अशा तिघी त्यांना भेटल्या आणि चौघींचा कोरस जमला. गिटारवरची इंग्रजी कंट्री गाणी असोत की दुर्गापूजेच्या दिवसांत निघणारी बंगाली पॉप, मुख्य गायक दमला की मागून जो मऊसूत ‘ऊ’ यायचा, तो ह्यांचा. कॅसेटच्या वेष्टनावर नाव कधी आलं नाही. त्याचं दुःख सोडाच, उलट अभिमान. “कोरसवालीचा आवाज ओळखू आला की समजावं, ती चुकली,” असं त्या मला भाजी निवडता निवडता सांगत.

हा धंद्याचा नियम त्यांनी संसारालाही लावला होता. बोलायला सुरुवात म्हणून कधी करायच्या नाहीत. समोरच्याचं वाक्य संपत आलं की शेवटचे दोन शब्द गोड आवाजात त्याच्यासोबत म्हणायच्या. मंडळाच्या गणपतीत आरतीचं कडवं चालू असताना मिटल्या तोंडाने उभ्या, आणि ध्रुवपद आलं की असा काही वरचा सूर लावायच्या की अध्यक्षांच्या हातातलं तबक फिरायचं थांबे. एकदा आम्ही एका घरी समाचाराला गेलो होतो. तिथल्या वहिनींनी हुंदका दिला आणि काकूंनी नकळत त्याच्यावर गंधार लावला. दुसऱ्या हुंदक्याला तर वहिनीच क्षणभर थांबून वाट पाहू लागल्या. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

त्यांच्या काळी चौघींना मिळून एकच माइक असे. जिचा आवाज मोठा ती मागे, बारीक ती पुढे, आणि प्रत्येकीच्या पायाशी खडूची खूण. तशा चार खुणा काकूंच्या बैठकीच्या खोलीत होत्या. लादी पुसून झाली की त्या खडू घेऊन खाली बसत आणि चारही पुन्हा काढत. काका गेले, बाकीच्या तिघी एकामागून एक वारल्या, तरी दुपारी चारचा रियाज ठरलेला, कारण आंटीची हावड्याची लाँच तेव्हा घाटाला लागायची. एकदा मी डावीकडच्या खुणेवर साबुदाण्याच्या खिचडीचं पातेलं ठेवलं, तर म्हणाल्या, “अगं, तिथे नको, आंटीच्या पायात येईल.” मला हसू आलं. मग त्यांनी आपली मधली ओळ, वरच्या आणि खालच्या सुरांच्या मधली, धरली. पहिला ‘ऊ’ एकटीचा होता. दुसरा जाड झाला. तिसऱ्याला माझ्या हातातल्या कपातला चहा थरथरायला लागला, आणि काकू डावीकडे बघून करवादल्या, “आजही उशीर!” आमची कामवाली मालती जिन्यात थबकून मला विचारायची, “काकीमा तो एका थाकेन, ना?” एकट्याच राहतात, असं मी तिला छातीठोकपणे सांगत असे आणि चारच्या आत आमचं दार लावून घेत असे.

मग काकूंचा गुडघा गेला आणि मुलगा त्यांना न्यायला पुण्याहून आला. तीन जिने, एकटी बाई. त्याचं काही चुकत नव्हतं. काकूंनी सामान बांधलं, पण चेहरा पार उतरलेला. “त्या तिघींना पुण्याचं काय माहीत गं? आंटी तर लाँचशिवाय कुठे गेलीच नाही. आणि मधली ओळ नसली की त्यांना सुरूच करता येत नाही. नुसत्या उभ्या राहतील बिचाऱ्या.” एवढं बोलून त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. “चारला माझी ओळ तेवढी म्हणत जा.” शाळेत प्रार्थनेला मला नुसते ओठ हलवायला सांगत, हे मी त्यांच्या कानावर घातलं. त्यांनी लक्षच दिलं नाही. गाडी सुटायच्या दिवसापर्यंत मला ती ओळ घोटायला लावली.

त्या गेल्याच्या दुसऱ्या दिवशी चारला मी त्यांच्या खुणेवर उभी राहिले. घसा साफ केला, उगाच पदर सारखा केला आणि ‘ऊ’ लावला. तो अर्थातच चुकला. तेव्हा डावीकडून कुणीतरी, पहिलीतल्या मुलीला द्यावा तसा, बरोबर स्वर मला हळूच दिला. खरं तर मी पळायला हवं होतं. पण पळायची लाज वाटली, म्हणून पुन्हा लावला. या वेळी उजवीकडूनही आला, आणि मग मागून. अंगावर सरसरून काटा उभा राहिला, आणि तरी त्या तिघींच्या मधे मला इतकं बरं वाटलं की घरी दूध उतू गेलं तेही कळलं नाही.

रविवारी पुण्याहून फोन आला. “आल्या?”

“आल्या, काकू. रोज येतात.”

मग अगदी बारीक आवाजात, “माझ्याबद्दल काही विचारलं का गं?”

कुणी काही विचारलं नव्हतं. मधली जागा भरली होती, तेवढ्यावर त्या गायला लागल्या होत्या. चांगल्या कोरसचं तसंच असतं.

“रोज विचारतात,” मी म्हणाले.

अजूनही दर रविवारी त्या तेच विचारतात आणि मी तेच सांगते, आणि फोन ठेवल्यावर मला रडू येतं.