पंधरा मिनिटं पुढे

८ डिसेंबर १९९९. काम एवढंच होतं: पुढच्या खोलीतल्या कॅमेऱ्याचं चित्र आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर दिसायला हवं, आणि तेही आजच्या आज.

शेवगावात बाजारतळासमोर माझा कॉम्प्युटर क्लास होता. दोन खोल्या, दोन मशीन, शिकवणारी मी एकटी. कीबोर्डवर बोटं कशी ठेवायची ते मी पुढे बसून दाखवायचं आणि आतल्या मुलींनी ते पडद्यावर पाहायचं, यासाठी वेबकॅम घेतला होता. चित्र काही सेकंदांनी बदलायचं. तेवढं पुरे होतं. दुसऱ्या दिवशी मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका हे बघायला येणार होत्या. पटलं तर शाळेच्या मुली माझ्याकडे येणार. नाही पटलं तर आतली खोली धाकट्या दिरांना द्यावी लागणार. खोल्या सामायिक होत्या आणि त्यांना तिथे ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान काढायचं होतं. लोखंडी रॅक त्यांनी आधीच व्हरांड्यात आणून टेकवलं होतं.

आतल्या मशीनवर पहिलं चित्र पोचलं की सॉफ्टवेअर बंद पडायचं. नगरच्या डीलरला फोन केला. तो म्हणाला, नेटवर्कचं कार्ड गेलं असेल, दोन्ही मशीन टेम्पोत घालून पाठवा, सवडीने बघू. बायकांनी मशीन उघडू नये, हेही त्याने फुकटात सांगितलं. मी फोन ठेवला आणि स्क्रू ड्रायव्हर घेतला.

केबल बदलली. कार्ड काढून पुन्हा बसवलं. सॉफ्टवेअर पुसून नव्याने टाकलं. फरक नाही. मग कॅमेरा आतल्या मशीनला लावला आणि चित्र उलट, आतून पुढे पाठवलं. बिनतक्रार चाललं. म्हणजे केबल, कार्ड, कॅमेरा, सगळं ठीक होतं.

दीर दारात उभे राहून बघत होते.

"वहिनी, कशाला जीव काढताय? लांबून शिकवायला तुमी काय दूरदर्शन हाय व्हय? उद्या बाईला चहा पाजा आन् लावा वाटंला."

"भाऊजी, तुमचं रॅक येण्याजाण्यात आडवं येतंय."

"आता उचलायचं ते आतच न्यायचं."

मी कॅमेरा पुन्हा पुढे लावला. आतल्या मशीनवरचं सॉफ्टवेअर पुन्हा बंद पडलं. ते चालू करून, अडकलेलं चित्र पुसायला फोल्डर उघडला. चित्रावर पावणेपाचची वेळ होती. आतल्या मशीनच्या घड्याळात पावणेपाच अजून वाजायचे होते.

पुढच्या मशीनचं घड्याळ मीच पंधरा मिनिटं पुढे करून ठेवलं होतं. खेड्यांवरून येणाऱ्या मुली पडद्याच्या कोपऱ्यात वेळ बघून उठायच्या आणि त्यांना एसटी मिळायची. आतलं मशीन नवीन होतं, त्याची वेळ डीलरने लावली तशीच, बरोबर होती. अजून न झालेल्या वेळेचं चित्र आलं की सॉफ्टवेअर गडबडत होतं.

मी दिरांना कारण सांगितलं. ते हसायला लागले.

"मग करा की घड्याळ बरूबर. लई अवघड हाय का?"

"ते नाही करणार. एकदा गाडी चुकली की बाप पोरीला पुन्हा पाठवत नाही."

मी आत गेले आणि आतल्या मशीनचं घड्याळही पंधरा मिनिटं पुढे केलं. चित्र आलं. माझी रिकामी खुर्ची, कीबोर्ड, आणि मागे दारात कमरेवर हात ठेवून उभे असलेले दीर. मी थांबले. दुसरं आलं, तिसरं आलं. दीर तसेच उभे होते.

"दिसतंय का काही?" त्यांनी बाहेरून विचारलं.

"दिसतंय. कमरेवरचा हात काढा."

पुढच्या चित्रात हात खाली होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मुख्याध्यापिका यायच्या आधी, मी पहिल्या तुकडीतल्या मुलींना हाताशी घेतलं, व्हरांड्यातलं रॅक उचलून आतल्या खोलीत नेलं, भिंतीला लावलं आणि त्यावर त्यांची दप्तरं ठेवायला लावली.