मामंजींच्या पाइपातली आयर्लंडची चाल

माझे सासरे पलटणीच्या बँडात पाइप, म्हणजे बॅगपाइप, वाजवायचे. पेन्शनीत आल्यावर त्यांनी स्वतःचा पाइप घेतला. त्याच्या कातडी पिशवीतून हवा निसटू नये म्हणून तिला आतून काकवी लावायची, ते काम माझं. एकदा मी पिशवी नीट न पुसता खुंटीला टांगली आणि मुंग्या लागल्या. मामंजी एवढंच म्हणाले, "ऱ्हाऊ दे, मुंग्यास्नी बी बँडात घेऊ."

रोज सकाळी ते एक संथ चाल वाजवत. आयर्लंड देशातली, फार जुनी. पलटणीत एकाची ऐकून दुसऱ्याने उचललेली. मी चुलीपुढे भाकरी थापत ऐकायची. त्यांच्यासमोर मी कधी चार शब्द बोलले नाही, पण चाल आत बसली. पुढे दम्याने त्यांचा पाइप पेटीत गेला.

घरात रंगीत टीव्ही आला त्या वर्षी त्यांच्या बँडातले ढोलवाले रहिमतपुरात वारले. तेराव्याला ती चाल वाजवा, असं ते सांगून गेले होते. बँडातले दुसरे पाइपवाले, म्हसवडचे, आदल्या दिवशी आमच्याकडे कडेगावला आले. दोघं सोप्यात सरावाला बसले. चाल वर चढते तिथं मामंजी अडले. पुन्हा अडले.

"गड्या, पेन्शन घेताना चाल सरकारजमा केलीस व्हय?" म्हसवडकर हसले.

"मग तू वाजव की!"

म्हसवडकरांनाही येईना. सराव त्यांचाही सुटलेला. हसणं थांबलं.

"उद्या त्याच्या फोटूपुढं कुठल्या तोंडानं हुबं ऱ्हायचं रं?" मामंजी म्हणाले.

मी चहा घेऊन दाराआड उभी होते. पदर पुढे ओढला आणि तिथूनच तो चढ गुणगुणले.

मग म्हसवडकर म्हणाले, "पोरी, पुन्यांदा म्हण. जरा मोठ्यानं."

मी तीनदा म्हटलं. चहा गार झाला.

तेराव्याला मी बायकांत बसले. दोघं म्हातारे ताठ उभे, पिशव्या काखेत दाबलेल्या. मामंजींचा दम पुरेल का, एवढीच मला भीती. चढ आला. मामंजींनी श्वास घ्यायला नळीवरून तोंड काढलं, तरी काखेच्या दाबावर सूर चालूच राहिला. मी गुणगुणले होते तो चढ केवढासा. त्यांनी वाजवला तेव्हा अंगणातली सगळी माणसं उभी राहिली.

परतताना एसटीत मामंजींनी मागे वळून विचारलं, "चढाला बरूबर व्हतं न्हवं?"

"व्हय, मामंजी," मी म्हणाले.