नायक चांगला ठरावा म्हणून भाऊ दारुडा झाला

आज दुपारी धाकट्या काकीला घेऊन नाटकाला गेले होते. नाटक एका कादंबरीवर बेतलेलं, आणि ती कादंबरी माझी फार आवडती.

कादंबरीचा नायक सरळसरळ खलनायक आहे. सख्ख्या भावाची जमीन गिळतो आणि निवांत झोपतो. भाऊ बिचारा साधा, कष्टाळू.

नाटकात मात्र नायकाला दुःखी बालपण दिलंय, वर एक रडकं गाणं. आणि भावाच्या हातात दारूची बाटली! झालं, आता जमीन हडपली तरी लोकांना वाटतं, बरं केलं, नाहीतर यानं पिऊन उडवलीच असती. माझ्या शेजारच्या बाई त्या नायकासाठी डोळे पुसत होत्या हो!

मध्यंतरात मी तावातावानं काकीला म्हटलं, "अगं, पुस्तकातला भाऊ दारूला शिवतसुद्धा नाही."

बटाटेवडा खाता खाता काकी म्हणाली, "ठाव हाय मला."

"तू कधी वाचलंस?"

"वाचायला कशाला पायजे? तुझे काका तरी कुठं शिवत व्हते?"



आमची विश्रांतवाडीची जमीन आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकट्यानं विकली. 'काय करणार, धाकटा पीत होता,' हे लहानपणापासून आप्पांकडूनच ऐकत आलेय. काका गेले तेव्हा मी पाळण्यात होते. काकीला कधी कुणी विचारलंच नाही.

घरी आले तर आप्पा दारातच. "कसं होतं गं नाटक?"

अजून उत्तर दिलेलं नाही. तुम्ही काय दिलं असतं?