शेजारचे काका

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही. तुम्हाला सांगतेय — का, ते मलाही नीट ठाऊक नाही.

अण्णांपासून सुरू करते. अण्णा म्हणजे माझे वडील. कुंभार पिंपळगावात ते शिलाईकाम करायचे. बंड्या, पायजमे, शाळेचे गणवेश. शाळेतून येताना आधी मशीनचा आवाज यायचा, मग अण्णा दिसायचे — दातांत दोरा, कानावर खडू. माझं दप्तर लोकांच्या पँटच्या उरलेल्या कापडाचं असायचं, आणि मला त्याचा केवढा तोरा!

बारावीनंतर मला नर्सिंगला जायचं होतं. फी झेपणारी नव्हती. जालन्यातली एक संस्था मदत करायची, पण वडील नसलेल्या मुलींनाच. कागद फार मागत नसत, घरी येऊन बघून जात. अर्ज मीच आणला, मीच भरला. अण्णांच्या नावाआधी 'कै.' लिहिताना हात अडला का? नाही. अक्षर चांगलं यावं, एवढीच काळजी होती.

संस्थेचे दोघं यायच्या दिवशी आई कुंकू पुसायला तयार होईना. नवरा समोर बसलेला असताना कशी पुसेल? अण्णाच तिला म्हणाले, "पूस. त्यानं मी काय खरंच मरून राह्यलो का?" मग मशीनवर चादर टाकून ते बाहेर गेले. पाहुणे जाईपर्यंत परतायचं नाही, असं ठरलं होतं.

पण घरी आलेल्यांना नुसत्या चहावर पाठवणं अण्णांना कसं जमणार? उपरण्यात मोसंब्या बांधून आले, दारात उभे. "हे कोण?" पाहुण्यांनी विचारलं. आईनं पदर कपाळावर ओढला. मी म्हणाले, "शेजारचे काका."

अण्णांनी मोसंब्या खाली ठेवल्या, हात जोडले. "पोरगी लई हुशार हाय, सायेब. बिलकुल वाया जायची न्हाई. बाप असता तर त्यानं बी हेच सांगितलं असतं."

मदत मिळाली. पुढं कितीतरी वर्षं घरात त्याची गंमत चालायची. सुट्टीत मी आले की अण्णा दारातूनच म्हणायचे, "काय शेजारीणबाई, आज इकडं कशी वाट चुकली?" आम्ही सगळे हसायचो. आईही हसायची, पण हसता हसता कपाळाला बोट लावून बघायची.

इथवरचं सांगणं सोपं आहे. वय लहान होतं, गरज होती — तुम्ही समजून घ्याल. पण पुढचं?

मला संभाजीनगरला नोकरी लागली, लग्न झालं. चार वर्षांपूर्वी अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मी आमच्याच दवाखान्यात ठरवलं. ते एकटेच एसटीनं आले, स्वतः शिवलेला नवा सदरा घालून. नोंदणीच्या टेबलाशी माझी होस्टेलची मैत्रीण बसली होती, तीही आता आमच्याच दवाखान्यात होती. कॉलेजात मी तिला सांगितलं होतं — मला वडील नाहीत. तिनं अण्णांना विचारलं, "बाबा, सोबत कोण आहे?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. एक डोळा पांढुरका झालेला, तरी पाहिलं. मी काही बोलेन असं त्यांना वाटलं असेल का? मी फॉर्म चाळत राहिले. मग तेच म्हणाले, "ही शेजारची पोरगी हाय."

शिक्षण केव्हाच संपलं होतं. नोकरी पक्की होती. खरं बोलले असते तर मैत्रिणीसमोर थोडी ओशाळले असते — एवढंच. पेन माझ्याच हातात होतं. 'रुग्णाशी नाते' या रकान्यात मी लिहिलं — शेजारी. अक्षर याही वेळी चांगलं आलं.

त्यानंतर गावी गेले की अण्णा दारातून नुसतं विचारायचे, "आली का?" शेजारीणबाई त्यांनी मला पुन्हा कधी म्हटलं नाही. गेल्या वर्षी ते गेले.