सजवलेलं घर बघायला गेलो तेव्हा

इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या आमच्या मराठी ग्रुपमध्ये चार जण जमले की घरांचा विषय निघतोच. डॉक्टर मंडळी दर सहा महिन्यांनी हॉस्पिटल बदलायची, त्याबरोबर क्वार्टर्सही. खोकी बांधण्या-सोडण्याचे किस्से प्रत्येकाकडे ढीगभर. पण एका सजवलेल्या घराचे किस्से मी सगळ्यांत जास्त सांगते, कारण तिथे मी स्वतः होते.

थेम्सजवळचं ते जुनं, ऐतिहासिक घर. चॅरिटीसाठी त्यातली एकेक खोली एकेका इंटीरियर डिझायनरने सजवली होती आणि लोक तिकीट काढून बघायला येत होते. माझी मैत्रीण उषा, तिचे डॉक्टर मिस्टर प्रभाकरराव, त्यांची इथेच जन्मलेली मुलगी नेहा आणि मी असे आम्ही गेलो.

*

दारातच पांढरंशुभ्र कार्पेट. उषाने सवयीने बूट काढले.

"आई, इथे नाही काढायचे शूज," नेहा कुजबुजली.

तोवर मागच्या इंग्लिश जोडप्यानेही काढले होते. त्यांचं बघून त्यांच्या मागच्यांनी. दारावरची बाई धावत आली आणि बुटांच्या रांगेपाशी थांबली. मग तिनेही आपले काढले.

*

प्रभाकरराव छातीचे डॉक्टर. हॉलमधल्या संगमरवरी खांबावर त्यांनी एक बोट ठेवलं आणि दुसऱ्याने टकटक केलं, पेशंटची छाती तपासतात तसं.

"आत नुसती हवा आहे," त्यांनी उषाला गंभीरपणे सांगितलं.

शेजारी उभी असलेली डिझायनर हसली. "लाकडावर रंग दिलाय, डॉक्टर."

पुढच्या खोलीत त्यांनी मला हळूच विचारलं, "मी डॉक्टर आहे हे त्या बाईला कसं कळलं?"

*

पिवळ्या बैठकीत उषा बराच वेळ रेंगाळली.

"अहो, आपल्या भिंतींना असा रंग देऊ या?"

"कुठल्या भिंतींना? फेब्रुवारीत ग्लासगोला जायचंय."

पुढच्या दोन खोल्या उषाने न बघताच ओलांडल्या. तिला गाठायला मला जवळजवळ पळावं लागलं.

*

वरच्या मजल्यावर कार्डिगन घातलेली एक म्हातारी बाई एकेक दार उघडून आत डोकावत होती.

"निळी खोली कुठली?" तिने उषाला विचारलं. "यांनी सगळंच बदलून टाकलंय."

"आम्हीही पहिल्यांदाच आलोय," उषा म्हणाली आणि तिने बाईंचा हात धरला. दोघी दारं उघडत निघाल्या, मी मागोमाग.

"ही नाही. हीसुद्धा नाही."

एक बेडरूम पूर्ण गुलाबी होती. बाईंनी खिडकीतून बाहेरचं अक्रोडाचं झाड पाहिलं.

"हीच," त्या म्हणाल्या. "माझा जन्म इथलाच. घर माझंच आहे, पण या डिझायनर लोकांचं काम सुरू झाल्यापासून मी बहिणीकडे राहते."

मग लोकांना अडवायला बांधलेली दोरी उचलून त्या आत गेल्या आणि पलंगाच्या कडेला बसल्या.

खोलीवर लक्ष ठेवणारी तरुण मुलगी लगबगीने आली. "सॉरी मॅडम, व्हिजिटर्सना बेडवर बसता येत नाही."

"अगं, पण हे घर यांचंच—" उषा सांगायला लागली.

बाईंनी मान हलवून तिला थांबवलं. "सॉरी, डियर," त्या मुलीला म्हणाल्या. उठल्या, बसल्या जागेची चादर तळहाताने नीट केली, दोरीखालून बाहेर आल्या आणि आमच्या मागे व्हिजिटर्सच्या रांगेत उभ्या राहिल्या.