चाळणबाईंनी दिलेली गल्ली

बाईंना कुणी नमस्कार केला तर त्या आधी मागे वळून बघत. नमस्कार आपल्यालाच आहे याची खात्री पटली, की मग विचारत, "काय काम हाय?" महापालिकेतले लोक त्यांना चाळणबाई म्हणत. त्यांच्या टेबलावरून कुठलीही गोष्ट चाळल्याशिवाय पुढे जात नसे; माणूससुद्धा. मूळच्या त्या पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअर. शहरातल्या नव्या धंद्यांना हात द्यायला स्टार्टअप कक्ष निघाला, तो चालवायला दुसरं कुणी पुढे येईना, तेव्हा तो बाईंच्या गळ्यात पडला.

मी आणि माझा मित्र अस्लम तेव्हा पुण्यातल्या नोकऱ्या सोडून कोल्हापूरला परतलो होतो. उद्यमनगरात अस्लमच्या वडिलांची वेल्डिंगची शेड आहे. तिच्या एका कोपऱ्यात आम्ही एक यंत्र बनवलं. रस्त्यावर ठेवलं की जमिनीखालचा पाइप कुठं गळतोय ते आवाजावरून ओळखायचं. शेडमध्ये ते झकास चालायचं. पण खरे गळके पाइप शहराच्या पोटात, आणि शहर आम्हाला कुठं खोदू देणार? जो तो विचारायचा, "आधी कुठं चालवलंय?" कुठंच चालवलं नव्हतं. अस्लमला बंगळूरहून नोकरीचं बोलावणं आलं होतं. दिवाळीपर्यंत काही जमलं नाही तर तो जाणार होता, आणि त्याच्याशिवाय ते यंत्र म्हणजे नुसता डबा.

बाईंच्या खोलीत मी लॅपटॉपवर चित्रं दाखवायला लागलो. दुसऱ्याच चित्राला त्यांनी झाकण मिटलं.

"फायदे ऱ्हाऊ देत. फायदे सगळेच सांगत्यात. हे फसतं कुठं?"

मी गडबडलो. अस्लम मात्र सरळ बोलून गेला, "जवळनं बस गेली की चुकतंय, मॅडम."

बाई पहिल्यांदाच खुर्चीला टेकल्या. "मग बस जात न्हाय अशी गल्ली देते. मंगळवार पेठेत हाय एक. वरच्या मजल्यावर पाणी चढत न्हाय म्हणून लोक रोज भांडायला येत्यात."

आम्ही खरं तर जागा मागायला गेलो होतो. नव्या उद्योजकांसाठी तेव्हा काचेचं एक दालन सजत होतं. गार हवा, फिरत्या खुर्च्या, भिंतीवर उडणारं रॉकेट. बाईंनी आम्हाला ते नेऊन दाखवलं आणि रॉकेटवर बोटानं टकटक केली. "मला ह्याचाच लई संशय येतोय. खुर्ची दिली की पोरं बसत्यात. शहरानं नव्या माणसाला शाल देऊ नये, त्याचं पहिलं गिऱ्हाईक व्हावं. माल पटला न्हाय तर तोंडावर परत करावा." आम्हाला खुर्ची मिळाली नाही.

त्यांची संशयाची सवय आम्हालाही लागली. एका सकाळी बाहेरगावच्या एका मोठ्या कंपनीची माणसं त्यांच्या खोलीतून हसत बाहेर पडताना दिसली, आणि त्याच दिवशी बाई म्हणाल्या, "यंत्र आठवडाभर हितं ठेवून जावा." जिन्यातच अस्लमनं माझा दंड धरला. "उघडून बघणार, त्यांना देणार. ठेवायचं न्हाय." मलाही तेच वाटत होतं. आम्ही परत वर गेलो आणि मी विचारलं, "मॅडम, आमचं यंत्र तुम्ही त्या लोकांना दाखवणार का?"

आता हाकलतात, असं वाटलं. बाईंनी चष्मा काढला. "दाखवणार न्हाय. त्यांनाबी मी तेच विचारलं, फसतं कुठं? म्हणाले, कुठंच न्हाय. चहा पाजून घालवून दिलं."

"मग ठेवायचं कशाला?"

"तुम्ही नसताना चालतंय का बघायला. जन्मभर तुम्ही गल्लीत उभं ऱ्हाणार व्हय? चालवणार माझी माणसं." मग सील करायची लाख मागवून त्यांनी यंत्राच्या एकेका स्क्रूवर अस्लमकडूनच शिक्के मारून घेतले. "संशय आला की असाच तोंडावर विचारायचा. पोटात ठेवला की नासतोय."

आठवड्यानं शिक्के जसेच्या तसे परत मिळाले. पुढच्या सोमवारी मंगळवार पेठेतल्या त्या गल्लीत यंत्रानं एक जागा दाखवली. फरशी उचकटली, माणसं छातीइतकी खाली गेली. खाली माती कोरडी ठणठणीत. गल्ली सगळी जमलेली. एक म्हातारा म्हणाला, "काय पावणं, तेल काढताय काय?" मोठ्यानं हशा झाला. तेवढ्यात गल्लीतला एक पुढारी मोटरसायकल आडवी लावून ओरडायला लागला, "कुणी खणायला लावलं हे?"

बाई खड्ड्याच्या कडेला उभ्या होत्या. चपला मातीनं भरलेल्या. "मी. सही माझी हाय. काय बोलायचं ते माझ्याशी बोला."

त्याला वाटलं होतं बाई आमच्याकडे बोट दाखवतील. आम्हालाही तेच वाटलं होतं. तो जरा वेळ तणतणला आणि निघून गेला. अस्लमनं यंत्र पिशवीत भरलं होतं. बाई त्याच्यावर खेकसल्या, "कुठं निघालास? आवाज कशाचा आलता ते न बघताच जाणार?"

दोन दिवस आम्ही त्या गल्लीतच होतो. आवाज होता शेजारच्या पिठाच्या गिरणीचा. तिच्या मोटरची घरघर जमिनीतून येत होती आणि यंत्र तिलाच पाणी समजत होतं. अस्लमनं यंत्राला तो आवाज ओळखायला शिकवलं. मग यंत्रानं दुसरी जागा दाखवली, पहिल्या खड्ड्यापासून थोडी पुढे. बाई या वेळीही आल्या, आणि या वेळीही त्यांचा विश्वास नव्हता. पहार मऊ मातीत रुतली, खाली चिखल लागला आणि मग पाण्याची गार चिळकांडी थेट बाईंच्या पदरावर. त्या मागे सरल्या नाहीत. जोडकाम झाल्यावर वरच्या मजल्यावरून एक बाई कळशी हातात घेऊन ओरडली, "आलं की वो पाणी!" अस्लम फरशीवर फतकल मारून बसला. बंगळूरला त्यानं त्याच दिवशी नकार कळवला.

सगळ्या शहरातली गळती शोधायचं काम निघालं तेव्हा निविदेत जुनीच अट होती: आधी इतकी वर्षं असं काम केलेलं असावं. म्हणजे आमच्यासारखे दारातच बाद. बाईंनी ती अट काढायला लावली. नवा असो की जुना, अनोळखी गल्लीत ज्याचं यंत्र खरं उतरेल त्याला काम, अशी नवी अट घातली. आम्हाला वाटलं, आता आपलं झालं. पण चाचणीला त्यांनी आम्हाला बाजारातली, बस जाणारी गल्ली दिली. मी कुरकुर केली तर म्हणाल्या, "ओळखीचा हाईस म्हणून तुला ज्यादा चाळणार." बसचा आवाजही यंत्राला शिकवावा लागला. पास झालो, पण घाम फुटला. शहराचा एक भाग आमच्याकडे आला, बाकीचे दुसऱ्यांकडे.

महिन्याभरात बाईंविरुद्ध तक्रार गेली. आपल्या पोरांसाठी, म्हणजे आमच्यासाठी, अट बदलली म्हणे. चौकशी लागली. कक्ष काढून घेतला आणि बाईंची बदली जन्ममृत्यू नोंदणीच्या खिडकीवर झाली. आयुष्यभर ज्यांनी सगळ्यांवर संशय घेतला त्यांच्यावर आता शिपाईसुद्धा नजर ठेवू लागले. मी भेटायला गेलो तेव्हा त्या खिडकीतून एवढंच म्हणाल्या, "बरोबर हाय त्यांचं. त्यांच्या जागी मी असते तर मीबी चौकशी लावली असती." पण त्यांचा आवाज पहिल्यासारखा खणखणीत नव्हता.

आम्हाला राहवलं नाही. एका रविवारी आम्ही दोघं पेढे घेऊन त्यांच्या कळंब्याच्या घरी गेलो. बेल वाजवली. आतून पावलं दारापर्यंत आली आणि थांबली. आम्ही नावं सांगितली. कडी काही निघाली नाही.

"चौकशी चालू हाय. तुम्ही हितं यायचं न्हाय."

"मॅडम, नुसतं पाया पडून जातो," अस्लम म्हणाला.

दाराला टेकून त्या उभ्या होत्या, कापडाची सळसळ ऐकू येत होती. मग आवाज आला, जरा घोगरा. "सरळ घरी जावा. कुणी विचारलं तर खरं तेच सांगा, बाईंनी दार उघडलं न्हाय म्हणून." पेढे आम्ही तसेच परत आणले. अस्लमच्या आईनं विचारलं, तर तो पेढे तिच्या हातात देऊन आत गेला.

चौकशीत काहीही निघालं नाही. पण तसा कागद आला तोवर बाई निवृत्त होऊन हातकणंगल्याला भावाकडे राहायला गेल्या होत्या. स्टार्टअप कक्षात त्यांच्यानंतर बरेच साहेब आले आणि गेले. ती अट मात्र टिकली. परवा त्याच अटीवर दोन मुलींना शहराचं काम मिळालं. मंडईतल्या ओल्या कचऱ्याचं खत करणारं यंत्र आहे त्यांचं. त्या आमच्या शेडवर पत्रा कापून घ्यायला आल्या होत्या. बोलता बोलता मी त्यांना बाईंची सगळी हकीकत सांगितली.

त्यातली थोरली माझ्याकडे डोळे बारीक करून बघत होती. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं विचारलं, "व्हय, पण त्यांना काय मिळालं ह्यातनं?"

"बदली," मी म्हणालो.