पुन्हा विचारल्यावर

दुपारी मुक्ता टीव्हीवर तिचा जपानी गेम खेळत होती. मी शेजारी मटार सोलत बसले होते. पडद्यावर गुलाबी केसांची एक मुलगी होती. बशीएवढे डोळे, कारण नसताना उड्या, सारखं खिदळणं. असल्या प्रत्येक गेममध्ये अशी एक असतेच म्हणे.

"किती उथळ आहे ही," मी म्हणाले.

"थांब जरा," लेक म्हणाली.

लढाई संपून सगळे शेकोटीभोवती बसले होते. मुक्ताने त्या मुलीशी बोलायचं बटण दाबलं. "भूक लागली," म्हणून ती खिदळली.

"खेळणारे सगळे इथूनच पुढे जातात," मुक्ता म्हणाली. " तिला परत विचारावं लागतं."

मुक्ताने बटण पुन्हा दाबलं. या वेळी मुलगी खिदळली नाही. म्हणाली, "माझ्या गावातलं कुणी उरलं नाही. मी गप्प बसले की त्यांचे आवाज ऐकू येतात."

मी सोलत राहिले. मुक्ताचे बाबा गेल्यापासून भेटायला येणारा प्रत्येक जण मला कशी आहेस विचारतो. मी बरी आहे म्हणते. मग "खंबीर आहेस" म्हणत ते चपला घालून निघतात. त्याचं वाईट वाटत नाही. काहीच वाटत नाही. ठरलेलं उत्तर म्हणजे नुसतं लोटलेलं दार. कडी नसते, पण ढकलून कोण बघतं?

मुक्ताने गेम थांबवला.

"आई, कशी आहेस?"

"बरी आहे."

तिने माझ्या मांडीवरचं ताट उचलून बाजूला ठेवलं आणि पुन्हा विचारलं.